अकराव्या सर्व्हरचं घड्याळ

सोमवार, ३ मार्च २०२५. सकाळी ९ वाजून १० मिनिटं.

पेन्सिलीला टोक काढत होतो, तेवढ्यात सी बूशाईबनी आत बोलावलं. रमजानचा दुसरा दिवस. चहा नाही, त्यामुळे हात कशात तरी गुंतवावे लागतात. मला वाटलं, कालच्या पत्रात चूक राहिली. कचेरीतली सगळी पत्रं माझ्या हाताखालून जातात, कारण शुद्धलेखन माझंच बरं आहे. शाळेची शेवटची परीक्षा दोनदा नापास झालो, पण शुद्धलेखनात कधी नाही.

पत्राचं काही नव्हतं. सी बूशाईब, म्हणजे बूशाईब साहेब, आमचे मालक. साफी शहरातल्या अकरा गिऱ्हाइकांचे सर्व्हर आम्ही सांभाळतो: सार्डिन डबाबंद करणारा कारखाना, दोन शाळा, पिठाची गिरणी, डायलिसिस मंडळ आणि असेच आणखी. कोणत्या सर्व्हरने कसं वागायचं हे त्याच्या सेटिंगच्या फाइलींत लिहिलेलं असतं, आणि त्या फाइली गेली पंधरा वर्षं एकटे बा जिलाली हाताने लिहीत आले आहेत. कुठे काय आहे ते त्यांनाच ठाऊक.

"झुहैर, हे सगळं एका रिपॉझिटरीत आण," मालक म्हणाले. "तू नीटनेटका आहेस. जिलालींच्या डोक्यात जे जे आहे ते त्यात यायला हवं."

"डोकंच काढून देतो," बा जिलाली दारातून म्हणाले. "उपासात तसंही रिकामंच असतं."

सहा महिन्यांच्या कोर्समध्ये शिकलो आहे, तरी लिहून ठेवतो. रिपॉझिटरी म्हणजे फाइलींची अशी कोठी, जिथे प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी केला, केव्हा केला, का केला. आणि ज्याच्याजवळ कोठीची प्रत आहे, त्याच्याजवळ पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास असतो.

"मेच्या आधी होईल ना?" बा जिलाली गेल्यावर मालकांनी आवाज उतरवून विचारलं. "मेमध्ये जिलालींच्या कराराचं बघायचंय."

होईल म्हणालो. मेचा आणि याचा काय संबंध ते कळलं नाही. एवढ्या मोठ्या कामासाठी माझी निवड झाली, हे आईला सांगितलं. तिने इफ्तारच्या सुपात, हरीऱ्यात, माझ्यासाठी जास्तीचे हरभरे घातले.

शनिवार, ८ मार्च

सहा सर्व्हरांच्या फाइली आणून झाल्या. असा पसारा मी कधी पाहिला नाही. गिरणीच्या फाइलीत एका ओळीशेजारी लिहिलंय: "हात लावू नये. ज." शाळेच्या फाइलीत: "ईदनंतर बघू." फाइल २०१७ सालची. कोणती ईद? कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच ओळीत उघडा, आणि पुढे "विसरू नये". सर्व्हरांना नावं माशांची. मालकांच्या सांगण्यावरून मी आकडे दिले, एक ते अकरा.

आज असं सापडलं की कारखान्याच्या सर्व्हरची रोजची राखीव प्रत नोव्हेंबरपासून निघालेलीच नाही. डिस्क भरलेली होती. मी मालकांना सांगितलं. त्यांनी बा जिलालींना सगळ्यांसमोर उभं केलं. "कारखाना बुडाला असता तर? काय करत होता तुम्ही पाच महिने?"

नंतर बा जिलाली माझ्या टेबलाशी आले. "शाब्बास. आता माझे खिसेही तपास. भोक असेल एखादं."

जे सांगितलं ते खरं होतं. पण आधी त्यांना सांगता आलं असतं, हे मला हरीऱ्याचा वाडगा पुढ्यात आल्यावर सुचलं. मग खाताना मान वर करवेना. आईने विचारलं, मीठ कमी आहे का.

गुरुवार, १३ मार्च

आठव्या सर्व्हरमधल्या एका ओळीचं कारण बा जिलालींना विचारलं. रमजानमध्ये सिगारेट बंद, त्यामुळे दुपारी त्यांच्याजवळ जाणं म्हणजे तव्याला हात लावणं. म्हणाले, "तुला लिहिलेलं दिसतं, का लिहिलंय ते दिसत नाही. दोनदा नापास झालास तो त्यामुळेच." सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते.

यापुढे लेखी विचारायचं ठरवलं. सात प्रश्न स्वच्छ अक्षरात लिहून कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. तीनला कचेरी सुटताना पाहिलं, तर त्यात त्यांनी इफ्तारचे खजूर बांधून नेले.

मंगळवार, १८ मार्च. दुपारी १ वाजून ४२ मिनिटं.

शेवटचा, अकरावा सर्व्हर. हा डायलिसिस मंडळाचा. बा जिलाली याला "सार्डिन" म्हणतात. सब्त गझूला गावाच्या रस्त्यावरच्या एका फाट्यावरून मंडळाची गाडी आठवड्यातून तीनदा तीन म्हाताऱ्या रुग्णांना आणते. गाडी किती वाजता येणार, याचा निरोप हा सर्व्हर आदल्या संध्याकाळी त्यांच्या फोनवर पाठवतो.

दहा सर्व्हरांची वेळ "कासाब्लांका" लावलेली आहे, एकट्या याची "ग्रिनिच". शेजारी एकच शब्द: "मुद्दाम." मुद्दाम हे काही कारण नव्हे.

बदलण्याआधी नीट तपासलं. रमजानात सरकार घड्याळ तासभर मागे घेतं, त्यामुळे सध्या दोन्ही वेळा एकच. दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी उघडून पाहिली: १३:४२ आणि १३:४२. बदललं. "मुद्दाम" हा शब्दही काढला. नोंदीत लिहिलं: "अकरावा सर्व्हर इतरांसारखा केला. प्रत्यक्षात काही फरक नाही. झुहैर."

बा जिलाली टेबलावर डोकं टेकून झोपले होते. उठवून विचारणार होतो. नाही उठवलं. पुन्हा सगळे हसले असते.

गुरुवार, २७ मार्च

काम पूर्ण. मालकांनी सगळ्यांना कोठीची एकेक प्रत घ्यायला लावली. बा जिलाली म्हणाले, "माझंच सामान मला भाड्याने." तरी त्यांनी आपल्या जुन्या लॅपटॉपवर घेतली.

दुपारी मंडळाच्या चिटणीस बाई, लल्ला नझ्हा, आल्या होत्या. कराराचं नूतनीकरण आहे. मालकांनी मला पुढे केलं आणि मी पडद्यावर त्यांना सगळं दाखवलं. अकराच्या अकरा, एका साच्यातले.

"आमच्या म्हाताऱ्यांचं सगळं नीट आहे ना, बाळा?" त्यांनी विचारलं. "ती माणसं शहरातली नाहीत."

"आता सगळ्यांसारखंच आहे, लल्ला," मी म्हणालो.

मालकांनी एक हजार दिरहम बक्षीस दिलं. आज सत्ताविसावी रात्र. परवा आईला ईदसाठी नवा जेल्लाबा झगा घेईन.

सोमवार, ३१ मार्च. ईद.

आई नव्या जेल्लाब्यात तीन घरी जाऊन आली. म्हणे किंमत कोणी विचारली नाही, म्हणून तिनेच सांगितली. रविवारी घड्याळ पुन्हा तासभर पुढे जाणार. स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे करू का विचारलं, तर म्हणाली, "सरकारला करू दे काय करायचं ते. माझं घड्याळ हलणार नाही. ज्या वेळेवर तुझ्या बापाशी लग्न लागलं, तीच माझी वेळ." दर वर्षी हेच म्हणते. इतका हट्ट बरा नव्हे.

रविवार, ६ एप्रिल

रात्री घड्याळं पुढे गेली. सकाळी घरूनच पाहिलं: अकराही सर्व्हर एकाच मिनिटाला. फार बरं वाटलं.

सोमवार, ७ एप्रिल

दहाला लल्ला नझ्हांचा फोन. फाट्यावर तिघांपैकी कोणीच नव्हतं. ड्रायव्हरने दहा मिनिटं वाट पाहिली. त्याचं म्हणणं, ईदचं मटण अजून उतरलं नसेल. फोन कोणी उचलत नाही. "निरोप गेले होते का?"

तपासलं. तिन्ही वेळेवर गेलेले, तिन्ही पोचलेले. त्यांना लेखी उत्तर पाठवलं. एकही चूक नसलेलं.

बुधवार, ९ एप्रिल

आज पुन्हा तेच. पण आज लल्ला नझ्हांनी हट्टाने सगळ्यांच्या घरी फोन लावले. घरचे म्हणाले, ती तर फाट्यावर उभी आहेत, गाडीच येत नाही. ड्रायव्हर अल्लाची शपथ घेतो की तो गेला होता आणि फाटा रिकामा होता. दुपारी भाड्याच्या गाडीने दोघांना आणलं; शुक्रवारीही तीच गाडी त्यांच्या घरी जाणार. तिसऱ्या, लल्ला खद्दूज, यांना धाप लागली म्हणून सरळ मोठ्या इस्पितळात हलवलं. शुक्रवारनंतर त्यांचं रक्त शुद्ध झालेलं नव्हतं.

कचेरीत सगळे ड्रायव्हरला शिव्या देत होते. मीही दिल्या.

घरी आलो. आई म्हणाली, "लवकर आलास आज." म्हटलं, रोजच्याच वेळी आलोय, सात वाजलेत. ती भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "सहा." मी त्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो.

गाडी सरकारी सातला फाट्यावर येते. रमजान सोडून वर्षभर सर्व्हर त्यांना लिहायचा: सहाला या. कारण त्या तिघांच्या घरातली घड्याळं आईच्या घड्याळासारखीच आहेत. मी बदल केल्यावर तो लिहू लागला: सातला या. ती आपापल्या घड्याळात पाहून सातला आली. गाडी तासभर आधीच निघून गेली होती. रमजानभर दोन्ही वेळा एकच होत्या, म्हणून काही कळलं नाही. मी तपासलं होतं. रमजानात तपासलं होतं.

साडेसातला घरूनच सेटिंग पूर्ववत केलं. आई विचारत राहिली, जेवत का नाहीस.

गुरुवार, १० एप्रिल

हे लिहायचं नव्हतं. लिहितो.

आठला, कोणी यायच्या आत कचेरीत पोचलो. कोठीचा इतिहास पुसता येतो. सहसा कोणी पुसत नाही, पण येतो. माझी १८ मार्चची नोंद काढली, कालच्या दुरुस्तीचीही काढली. आता कोठी सांगते की अकराव्या सर्व्हरला कोणी कधी हात लावलेलाच नाही. पुसल्यावर मागे जो कचरा उरतो, तोही झाडला, कचेरीतल्या सगळ्या संगणकांवरच्या प्रतींसकट. मी अर्धवट काम करत नाही. मग जाऊन हात धुतले, जणू काही हातालाच लागलं होतं.

दहाला बा जिलाली सुट्टीवरून आले. ईदला ते बहिणीकडे स्वीराला गेले होते. सगळ्यांना आर्गन तेलातल्या बदामाच्या चटणीची बरणी. माझ्यापुढे ठेवली ती सगळ्यात मोठी. "खा. लिहून लिहून डोकं सुकलंय तुझं."

शुक्रवार, ११ एप्रिल

सकाळी मालकांच्या खोलीत बैठक. मालक, लल्ला नझ्हा, बा जिलाली आणि मी.

मालकांनी मला अकराही सर्व्हरांची घड्याळं पडद्यावर मांडायला लावली. दहांमध्ये ११:२०. अकराव्यात १०:२०.

"सापडलं!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "एक तासाचा फरक! बघा लल्ला, एक तास! आणि ही ओळ कोणाची? जिलालींची. कोठीत पहिल्या दिवसापासून अशीच आहे."

जे बरोबर होतं त्यालाच त्यांनी चूक म्हटलं. मी बोलायला हवं होतं. मी पडद्याची धूळ बाहीने पुसली.

"ते मुद्दाम आहे," बा जिलाली म्हणाले. "ती जुन्या वेळेची माणसं आहेत. सहा वर्षं असंच चाललंय. विचारा कोणालाही."

"सहा वर्षं चाललं, मग या आठवड्यात तीन माणसं फाट्यावर का राहिली?"

बा जिलालींनी आपला लॅपटॉप उघडला आणि कोठीतून ताजं सामान मागवलं. मी त्यांच्या बाजूलाच उभा होतो. त्यांच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली की दोन्हीकडचे इतिहास जुळत नाहीत. त्यांनी खाली खाली पाहिलं. एका ओळीवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"काय लिहिलंय?" मालक म्हणाले.

"वाचता येत नाही," बा जिलाली म्हणाले. "चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. म्हातारपणी असं होतं, माझे आजोबाही शोधत बसायचे. कोणी हसलं नाही.

लल्ला नझ्हा म्हणाल्या, "मला मंडळाच्या सभेत कोणाचं तरी नाव सांगावं लागेल, सी बूशाईब. एक बाई इस्पितळात आहे." मालक म्हणाले, नाव सांगा, उद्यापासून ते इथे नसतील. मग माझ्याकडे वळून, "हे घड्याळ आत्ताच्या आत्ता इतरांसारखं कर."

"हो," म्हणालो. बाहेर येऊन टेबलाशी बसलो. काहीच केलं नाही. परत जाऊन "केलं" म्हणून सांगितलं.

शनिवार, १२ एप्रिल

बा जिलालींनी खण रिकामा केला. पंधरा वर्षांचं सगळं एका पिशवीत मावलं. जाताना सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशीही, आणि मग तो छातीवर ठेवला. म्हणाले, "सार्डिनकडे लक्ष ठेव." मी हो म्हणालो.

मालकांनी मला बा जिलालींच्या खुर्चीत बसायला सांगितलं. खिडकीजवळची आहे.

सोमवार, १४ एप्रिल

गाडी गेली, दोघं फाट्यावर हजर. मालकांनी लल्ला नझ्हांना फोन केला: "बघितलंत? दुरुस्ती केली आणि चाललं." घड्याळ अजून ग्रिनिचवरच आहे. कोणी पाहत नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

कचेरीतर्फे आलोय असं सांगून इस्पितळात लल्ला खद्दूजना भेटलो. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून निळ्या कागदातला साखरेचा सुळका घेतला. त्यांच्या उशाशी ठेवल्यावर लक्षात आलं की त्यांना मधुमेह आहे.

त्या इतक्या हसल्या की परिचारिका आली. "लवकर मारायचंय का रे मला?" मग म्हणाल्या, "ठेव, ठेव. येणाऱ्यांना चहा लागतो."

सत्तरीच्या आहेत. हाडं आणि डोळे. मी विचारलं नव्हतं, त्याच सांगू लागल्या. वाचता येत नाही. निरोप सून वाचून दाखवते, हबीबा. दोनदा गाडी चुकली तेव्हा त्यांनी सर्वांसमोर सुनेला म्हटलं, तू मुद्दाम चुकीची वेळ सांगतेस, मी मेले की खोली तुला मिळेल. हबीबा त्याच दिवशी माहेरी निघून गेली. बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

"तिने सात म्हटलं होतं. सात! आणि गाडी सहाचीच. मग खोटारडी नाही तर काय? तूच सांग, शिकलेला आहेस."

मी म्हणालो, मी फारसा शिकलेला नाही. एवढंच म्हणालो आणि निघून आलो.

गुरुवार, १७ एप्रिल

कोठीत पुरावा उरलेला नाही. मीच झाडला. नुसतं तोंडाने सांगितलं तर मालक म्हणतील, म्हाताऱ्याची दया आली तुला. खरा इतिहास आता एकाच ठिकाणी आहे, बा जिलालींच्या लॅपटॉपवर. म्हणजे ज्यांचं नुकसान केलं, त्यांच्याच दारात जाऊन मागायचा.

कुंभारांच्या टेकडीमागे राहतात. दार त्यांनीच उघडलं, बनियनवर. बायको आतून ओरडली, "कोण आहे?" ते म्हणाले, "चष्म्याचं दुकान."

तेव्हा कुठे मला कळलं: त्या दिवशी त्यांनी ती ओळ वाचली होती. उंबऱ्यातच उभा राहिलो, आत जायची लाज वाटली.

"आत ये. भाजलेली सार्डिन आहे. लाजेने पोट भरत नाही."

"बा, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मला मेमध्ये काढणारच होते. तुझी ती कोठी कशासाठी होती, वाटलं तुला? सामान आत गेलं की हमाल बाहेर." काटा काढत म्हणाले, "एक जायचाच होता, दुसरा कशाला? आणि खरं सांगू? वाट बघत होतो, तू तोंड उघडतोस का. आठवडा घालवलास, गाढवा."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्या तोंडासमोर धरून थांबवलं.

"माफी-बिफी नको. कारखान्याची राखीव प्रत मी विसरलो होतो, ते तू मालकाला सांगितलंस, ते ठीक. ती माझी चूक. ही तुझी. माझा दोन महिन्यांचा पगार दे मला. पाच हजार पाचशे दुणे अकरा हजार. एकदम नाही जमणार, हप्त्याने दे."

"ऐकलंस का गं," ते आत ओरडले, "साहेब अकरा हजार देणार आहेत!"

"तो पोरगा? त्याला आधी जेवू घाल!" आतून उत्तर आलं.

जेवलो. मग विचारलं, नुसतं "मुद्दाम" का लिहिलं होतं, पूर्ण कारण का नाही. ते म्हणाले, मला वाटलं होतं, मी कायम असणार.

लॅपटॉप पिशवीत घालून दिला. "परत आण. नातीचे फोटो आहेत त्यात."

शनिवार, १९ एप्रिल

सकाळी बा जिलालींची प्रत कोठीत परत चढवली. १८ मार्च पुन्हा जागेवर आला. "प्रत्यक्षात काही फरक नाही. झुहैर." स्वतःचं नाव इतकं स्वच्छ लिहिलेलं. मग ९ एप्रिलची दुरुस्ती नव्याने नोंदवली, आणि पुसल्याचीही नोंद केली. "मुद्दाम" या शब्दापुढे चार ओळींत कारण लिहिलं: कोण माणसं, कोणता फाटा, रमजानमध्ये तपासून का कळणार नाही.

मालकांना दाखवलं. त्यांना वाचायला वेळ लागला.

"कोणाला सांगितलंस?"

"बा जिलालींना माहीत आहे."

"मग गप्प बस. प्रकरण मिटलंय. मंगळवारी मंडळ नव्या करारावर सही करतंय."

"त्यांच्या सभेत बा जिलालींचं नाव वाचलं गेलं."

"तो म्हातारा आहे, त्याचं निभेल. तुझं वय काय? तेवीस? तुला आई आहे घरी."

आई आहे म्हणूनच जास्त लाज वाटली. पानं छापून घेतली आणि मंडळात गेलो. लल्ला नझ्हांनी उभ्या उभ्याच वाचली. दोनदा वाचली.

"मी तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "या खोलीत नाही, तुमच्या कचेरीत. सगळं नीट आहे ना, असं विचारलं होतं."

"हो, लल्ला."

"आणि तीस माणसांपुढे मी जिलालींचं नाव वाचलं. जा. माझ्यासमोरून जा." दारापर्यंत पोचलो, तर म्हणाल्या, "थांब. ते घड्याळ माझ्या सहीशिवाय कोणी हलवणार नाही, असं काही करता येतं का?"

करता येतं. तिथेच बसून केलं. त्यांनी चहा विचारला नाही.

रविवार, २० एप्रिल

हबीबाचं माहेर सब्त गझूलाच्या बाजाराजवळ. तिच्या भावांनी मला अंगणातच ठेवलं. मी सांगितलं: निरोपातच सात लिहिलं होतं, तुम्ही बरोबर वाचलंत, चूक माझी. छापलेलं पानही दाखवलं.

ती पान न घेता म्हणाली, "हे मला कशाला सांगतोस? मला माहीतच होतं. तिला सांग."

संध्याकाळी इस्पितळात जाऊन सासूला सांगितलं. लल्ला खद्दूज या वेळी हसल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून निजल्या. मी निघालो तेव्हा म्हणाल्या, "साखर घेऊन जा तुझी." बाहेर जाऊन दुसरा सुळका घेतला आणि मी खरंच सांगतो का ते पाहायला बरोबर आलेल्या हबीबाच्या भावाच्या हाती तिच्यासाठी पाठवून दिला. तो तरी कोणी परत केला नाही.

बुधवार, ३० एप्रिल. पगाराचा दिवस.

मंडळाने करार केला, पण तीनच महिन्यांचा, आणि बा जिलालींना परत बोलवा या अटीवर. मालक स्वतः टेकडीमागे जाऊन आले. बा जिलाली म्हणाले म्हणे, "उठवलेल्या जागी परत येऊन बसायला मी काय कोंबडी आहे?" मला काढायचं मालकांच्या फार मनात आहे, पण अकरा सर्व्हर दुसऱ्या कोणाला माहीत नाहीत. पगार चारशेने कमी केला. बक्षीसही परत मागितलं. अजून खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. दुसरी रिकामी नाही.

आज पहाटे मोठ्या टॅक्सीने फाट्यावर गेलो होतो. आठवड्यातून तीनही दिवस जातो, लांबून पाहतो आणि गाडीमागोमाग परत येतो. लल्ला खद्दूज सुटून आल्या आहेत. हबीबा घरी परतली आहे, पण निरोप वाचून दाखवत नाही. वाचला तरी त्या ऐकणार नाहीत. त्यांच्या वेळेने पाचलाच येऊन दगडावर बसतात, गाडीच्या तासभर आधी, अंधारात, डोक्यावरची ओढणी नाकापर्यंत घेऊन. आज मी जवळ जाऊन म्हणालो, लल्ला, गाडी सहालाच येईल, खात्रीने. त्या म्हणाल्या, "हो रे बाळा," आणि तशाच बसून राहिल्या.

संध्याकाळी पहिला हप्ता दिला. बा जिलालींनी नोटा दोनदा मोजल्या, बरोबर होत्या. मग बायकोला मोजायला दिल्या.

मिळाले: पगार ३,४००, कपात ४००. हाती ३,००० दिरहम.

खर्च: आईला घरासाठी १,६००. फाट्याच्या आणि सब्त गझूलाच्या टॅक्स्या ८४. साखरेचे दोन सुळके २८. फोन ५०. बा जिलाली, हप्ता पहिला, ५००. एकूण २,२६२. शिल्लक ७३८.

देणं: सी बूशाईब, बक्षीस परत, १,०००. बा जिलाली, १०,५००.